किती दिवस राहिले?

चार वर्षांच्या मुलाला ‘नाताळ अजून चोवीस दिवसांनी आहे’ असे सांगितले, की ते मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या विचारते, ‘आज आहे का?’ हा हट्ट नसतो. त्या वयात काल, आज आणि उद्या एवढेच काळाचे तुकडे हाताला लागतात. त्यापलीकडचे सगळे ‘खूप दिवसांनी’ या एकाच पोतडीत जाते. गणपतीच्या आधी, दिवाळीच्या आधी, आजोळी जायच्या आधी हाच प्रश्न घरोघरी रोज ऐकू येतो. मोठी माणसे कामाच्या धबडग्यात असतात. ‘येईल रे, थांब जरा,’ एवढ्यावर तो मिटवला जातो.

काही मोठ्यांनी मात्र तो मिटवला नाही. त्यांनी त्याचे उत्तर हातांनी घडवले. कोणी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, कोणी पुठ्ठ्यावर बिस्किटे लावली, कोणी रिकाम्या गव्हाणीत एकेक काडी टाकायला शिकवले. नाताळआधीच्या दिवसांत ख्रिस्ती घरांमध्ये लहान मुलांना घेऊन जे जे केले जाते, त्यातले बरेचसे या एका प्रश्नाभोवती फिरते. लहान मूल श्रद्धा शिकते ते पाठांतरातून कमी आणि वाट पाहण्यातून जास्त, असे मला वाटते. हे प्रकरण त्यासाठीच लिहिले आहे. उदाहरणे ख्रिस्ती घरांतली असली तरी प्रश्न सगळ्याच घरांचा आहे.

चाकावरच्या चोवीस मेणबत्त्या

नाताळाच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्यामधले दिवस मिळून जो काळ होतो, त्याला मराठी ख्रिस्ती माणसे आगमनकाळ म्हणतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा असतो तर कधी २८. येणाऱ्यासाठी मन आणि घर तयार करायचे, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्यांना तो समजतो. लहानांना कसा समजावा?

जर्मनीतल्या हँबर्ग शहरात योहान हिनरिख विखर्न या तरुण धर्मशिक्षकापुढे हा पेच रोज उभा राहत असे. विखर्नचा जन्म १८०८ चा. वडील लवकर गेले, तेव्हा शिकवण्या करून त्याने घराला हातभार लावला. पुढे शहरातल्या गरीब वस्त्यांत फिरताना त्याने रस्त्यावर वाढणारी मुले पाहिली आणि १८३३ मध्ये शहराबाहेरच्या एका जुन्या घरात त्यांच्यासाठी आश्रम सुरू केला. त्याचे नाव ‘राउहेस हाउस’. मुलांना तुरुंगासारखे एकत्र कोंडायचे नाही, लहान लहान गट करून कुटुंबासारखे वाढवायचे, अशी तिथली रीत होती.

आगमनकाळ लागला, की ही मुले विखर्नला रोज विचारत, नाताळ कधी? ज्या मुलांना दिलेला शब्द क्वचितच कोणी पाळला होता, त्यांच्यासाठी ‘लवकरच’ या उत्तराला काही किंमत नव्हती. १८३९ मध्ये विखर्नने एक जुने गाडीचे चाक घेतले. त्यावर २० लहान लाल मेणबत्त्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवून त्याने ते टांगले. रोजच्या प्रार्थनेच्या वेळी एक नवी मेणबत्ती पेटायची. साध्या वारी लाल, रविवारी पांढरी. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार नेमका १ डिसेंबरला होता, म्हणून हिशेब सरळ चोवीसाचा झाला.

मुलांना आता विचारायची गरज उरली नाही. मान वर करून पाहिले की कळे, किती पेटल्या आणि किती राहिल्या. हँबर्गमध्ये डिसेंबरात दिवस आखडत जातो आणि दुपारीच अंधारून येते. अशा दिवसांत बाहेरचा उजेड रोज थोडा कमी होत होता आणि आतला रोज थोडा वाढत होता. ख्रिस्ती श्रद्धेत येशूला जगाचा प्रकाश म्हणतात. ते वाक्य विखर्नने मुलांकडून घोकून घेतले असते, तर ते जिभेवर राहिले असते. त्याने ते छताखाली टांगले आणि मुलांनी ते चोवीस दिवस डोळ्यांनी पाहिले.

पुढे चाकाला देवदाराच्या हिरव्या डहाळ्या गुंडाळू लागले. सामान्य घरात एवढे मोठे चाक मावणार कसे, म्हणून रविवारच्या तेवढ्या चार मेणबत्त्या राहिल्या. प्रॉटेस्टंट आश्रमातली ही रीत विसाव्या शतकात कॅथलिक चर्चमध्येही आली. कॅथलिक परंपरेत चारपैकी तीन मेणबत्त्या जांभळ्या असतात आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. अर्धी वाट सरली, आता थोडा आनंद करा, असा त्या गुलाबी रंगाचा अर्थ आहे. मुले त्या गुलाबी मेणबत्तीची वेगळी वाट पाहतात.

दारावरच्या खडूच्या रेघा

विखर्नचे चाक आश्रमासाठी होते. साध्या घरांतून त्याहून साधे उपाय चालत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या काही प्रॉटेस्टंट घरांत १ डिसेंबरला दारावर खडूने २४ रेघा ओढत आणि मुलाने रोज एक पुसायची. दमडीचाही खर्च नाही, आणि काळ कमी होताना बोटाला कळायचा.

गेरहार्ट लांग हा अशाच एका धर्मगुरूच्या घरातला मुलगा. त्याचा जन्म १८८१ चा. तोही आईला तोच प्रश्न विचारून भंडावत असे. आईने एका पुठ्ठ्यावर २४ चौकोन आखले आणि प्रत्येकात एक छोटे बिस्किट लावले. रोज एकच खायचे, हा नियम. मोठेपणी गेरहार्टने म्युनिकमध्ये छपाईचा व्यवसाय केला, पण तो पुठ्ठा त्याच्या मनातून गेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने आगमनकाळाची छापील दिनदर्शिका काढली. एका कागदावर २४ चित्रे, दुसऱ्यावर २४ रिकाम्या जागा. मुलाने रोज एक चित्र कापायचे आणि चिकटवायचे. उघडणाऱ्या छोट्या खिडक्या नंतरच्या. आगमनकाळाची सुरुवात दर वर्षी बदलते, पण छापील वस्तू दर वर्षी नव्याने आखता येत नाही. म्हणून १ ते २४ डिसेंबर हा ठरीव हिशेब रूढ झाला आणि आजही तोच चालतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई आली आणि अशा दिनदर्शिकांची छपाई थांबली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या स्टुटगार्टमध्ये रिखार्ट झेल्मर यांनी पुन्हा अशी दिनदर्शिका छापली. तिच्यावर एका लहानशा गावाचे चित्र होते. घरे पडलेल्या शहरात उघडता येतील अशा खिडक्यांचे चित्र मुलांच्या हाती देणे, यामागचा विचार मला फार मोठा वाटतो.

आज बाजारात मिळणाऱ्या दिनदर्शिकांच्या प्रत्येक खिडकीत चॉकलेट असते, काहींत खेळणीही. चॉकलेटात वाईट काही नाही. गेरहार्टच्या आईनेही बिस्किटच दिले होते. पण ते तिने स्वतः लावले होते, आणि रोज सकाळी ती मुलाजवळ उभी असायची. विकतचा खोका मुलाच्या हाती देऊन आपण दुसऱ्या खोलीत गेलो, तर मूल फक्त रोजचे बक्षीस घ्यायला शिकते. वाट पाहणे दोघांनी मिळून करायचे असते.

रिकामी गव्हाण

आतापर्यंतच्या रीती दिवस मोजायच्या होत्या. दिवस मोजता मोजता मूल काय बनते, हे पाहणारीही एक रीत आहे.

इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगराळ गावात १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने एक वेगळाच सोहळा केला. गावाजवळच्या एका गुहेत त्याने चारा भरलेली गव्हाण मांडली आणि खराखुरा बैल व गाढव आणून उभे केले. येशूचा जन्म गोठ्यात झाला, गव्हाणीत त्याला निजवले, हे लोक वर्षानुवर्षे ऐकत आले होते. ते किती उघड्यावरचे आणि किती गरिबीतले होते, हे फ्रान्सिसला डोळ्यांनी पाहायचे आणि दाखवायचे होते. रात्री गावकरी मशाली घेऊन डोंगर चढून आले. चाऱ्याचा वास, जनावरांचा श्वास, डिसेंबरची थंडी. त्या रात्री ती कथा नाकाला आणि कातडीलाही कळली. आज घराघरांत मांडल्या जाणाऱ्या नाताळच्या गोठ्यामागे ग्रेच्चोची ती रात्र आहे.

या गोठ्यातून पुढे एक सुंदर घरगुती रीत निघाली. आगमनकाळ सुरू झाला, की गव्हाण मांडायची, पण रिकामी. बाळ नाही आणि चाराही नाही. शेजारी गवताच्या काड्यांची जुडी ठेवायची. घरातल्या कोणाच्याही हातून एखादे चांगले काम झाले, की एक काडी गव्हाणीत टाकायची. आजीचा चष्मा शोधून दिला, एक काडी. भावाशी भांडण झाल्यावर आपण होऊन बोललो, एक काडी. चोवीस तारखेच्या रात्री बाळाची मूर्ती त्या काड्यांवर ठेवायची.

बाळाला टोचू नये म्हणून चारा जमवायचा, हा हिशेब चार वर्षांच्या मुलाला लगेच पटतो. चांगले का वागायचे, या प्रश्नाला मोठ्यांकडे शिक्षा, शाबासकी, पाप-पुण्य अशी बरीच उत्तरे असतात. इथे एकच उत्तर आहे: कोणीतरी येणार आहे, त्याच्यासाठी मऊ जागा करायची आहे. फक्त एक पथ्य पाळावे. वाईट वागल्याबद्दल गव्हाणीतली काडी कधीही काढून घेऊ नये. काडी काढली, की गव्हाण हिशेबाची वही होते आणि मूल बाळासाठी नव्हे, वहीसाठी वागू लागते. आणि मोठ्यांनीही काड्या टाकाव्यात. बाबा ओरडल्याबद्दल माफी मागतात आणि मग एक काडी टाकतात, हे मुलाने पाहिलेले असले, की धर्मशिक्षणाचे अर्धे काम झाले.

नऊ रात्री दार वाजवताना

मेक्सिकोमध्ये वाट पाहण्याची बाजूच बदलते. तिथे घरातली माणसे वाट पाहत नाहीत, दाराबाहेरचे पाहतात.

१६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री तिथे ‘लास पोसादास’ चालते. पोसादा म्हणजे धर्मशाळा, मुक्कामाची जागा. मरिया आणि योसेफ बेथलेहेमला पोचले तेव्हा उतरायला जागा मिळाली नाही, ही लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट गल्लीतले लोक पायांनी चालून सांगतात. मुले मरिया-योसेफाच्या मूर्ती घेऊन, हातात मेणबत्त्या धरून दारोदार जातात. बाहेरचे गाऊन आसरा मागतात, आतले गाऊन नकार देतात. शेवटी एक दार उघडते, सगळे आत येतात आणि मग खाणेपिणे होते. ही प्रथा सोळाव्या शतकातली. मेक्सिको शहराजवळच्या आकोल्मान इथल्या ऑगस्टिनियन मठात १५८७ च्या सुमारास ती सुरू झाली.

शेवटी मुले पिन्याता फोडतात. रंगीत कागदाने मढवलेले, आत मिठाई भरलेले भांडे दोरीने टांगायचे, डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि काठीने फोडायचे. परंपरेतल्या पिन्यात्याला सात टोके असतात. ती सात मोठ्या पापांची खूण. डोळे बांधलेले मूल म्हणजे न पाहता ठेवलेला विश्वास, आणि खाली पडणारी मिठाई म्हणजे देवाची कृपा, असा अर्थ लावतात. आपल्या दहीहंडीच्या मुलांना यातली मजा वेगळी सांगायला नको.

पण मला पोसादासमधला सर्वांत मोठा धडा नकाराचा वाटतो. पाच वर्षांचे मूल ओळखीच्या शेजाऱ्याच्या दारात उभे राहते आणि आतून ‘जागा नाही’ असे ऐकते. ते नाटक आहे हे त्याला ठाऊक असते, तरीही क्षणभर पोटात काहीतरी होते. बेघर माणसाला दारात उभे असताना काय वाटत असेल, हे त्या वयात याहून चांगले कसे शिकवणार? नऊ रात्री दार वाजवलेले मूल पुढे कोणी आपले दार वाजवले, तर उघडायला धावेल, अशी आशा करायला जागा आहे.

कमी शब्द आणि लाकडी मेंढरे

हे सगळे घरांत आणि गल्ल्यांत चालले होते. शिकवणाऱ्यांनी यातून काय घेतले?

सोफिया काव्हालेत्ती या रोमच्या विदुषी हिब्रू आणि बायबलच्या अभ्यासक होत्या. लहान मुलांना शिकवण्याशी त्यांचा संबंध नव्हता. १९५४ मध्ये एका ओळखीच्या बाईंनी आपल्या सात वर्षांच्या मुलाला धर्माचे चार शब्द सांगाल का, असे विचारले. सोफियाबाई नाखुशीनेच तयार झाल्या. त्यांनी बायबल उघडले आणि जगाच्या उत्पत्तीची पहिली पाने त्या मुलाबरोबर वाचली. दोन तास गेले. मुलाला न्यायला आले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते, त्याला जायचे नव्हते. त्या अश्रूंनी सोफियाबाईंच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरवली.

माँटेसरी पद्धतीच्या जाणकार जान्ना गोब्बी यांना सोबत घेऊन त्यांनी मुलांसाठी एक खोली मांडली. जुन्या चर्चच्या दर्शनी चौकाला जे नाव असे, ते ‘आत्रियम’ नाव त्यांनी त्या खोलीला दिले. तिथे ठेंगणी फडताळे, मेंढपाळाची आणि मेंढरांची लाकडी चित्रे, छोटी गव्हाण, छोटी वेदी. शिकवणारी बाई जमिनीवर बसते, मोजक्या शब्दांत गोष्ट सांगते, चित्रे हळूहळू हलवते आणि थांबते. ‘यातून काय शिकलात?’ असे विचारत नाही. ‘या मेंढराला आपले नाव ऐकून कसे वाटले असेल?’ असे विचारते, आणि उत्तर आले नाही तरी चालते. मग मूल स्वतः त्या वस्तू घेऊन बसते. तीच गोष्ट दहादा मांडते, मोडते, पुन्हा मांडते.

मराठी वाचकाला यात परके काही वाटणार नाही. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि काही वर्षे इथेच राहिल्या. त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मुलांच्या हातांना काम देणारे शिक्षण या मातीत रुजवायला घेतले होते. हात शिकले की मन शिकते, हे बालवाडीने आपल्याला शिकवले. धर्मशिक्षणात मात्र आपण अजून पाठांतरावर अडतो. मूल श्लोक किंवा प्रार्थना न चुकता म्हणते, तेव्हा पाहुणे कौतुक करतात. त्या शब्दांशी मुलाचा काही संबंध जुळला का, हे कोणी विचारत नाही.

नाचणीचा हिरवा गालिचा

आपल्या किनाऱ्यावर या वाट पाहण्याला मातीचा वास येतो.

वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत गोठा मांडायच्या तयारीत मुलांचे एक आवडते काम असते. पसरट ताटलीत किंवा नारळाच्या करवंटीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरायचे. रोज हाताने पाणी शिंपडायचे. चार-पाच दिवसांत हिरवे टोक वर येते आणि नाताळच्या आदल्या दिवशी तो हिरवा गालिचा गोठ्यापुढे शेत म्हणून मांडला जातो. त्यावर मातीची मेंढरे चरतात. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरातले मूल आणि नाताळची नाचणी पेरणारे मूल एकाच कुतूहलाने सकाळी वाकून बघत असतात. बी उगवायला घाई करता येत नाही आणि आळसही चालत नाही. एक दिवस पाणी विसरले की ताटली सांगते.

स्वयंपाकघरातही वाट पाहिली जाते. नाताळच्या फराळाला गोव्यात कुस्वार म्हणतात. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल. दोदोल ढवळायला मोठ्यांचे दणकट हात लागतात, पण कुलकुल मुलांचे. मळलेल्या पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखी नक्षीदार गुंडाळी होते. कोणाची जाड, कोणाची वाकडी. तळल्यावर सगळ्या सारख्याच गोड. त्या कामात मोठी माणसे गोष्टी सांगतात, मुले ऐकता ऐकता हात चालवतात. मग कुस्वारीची ताटे शेजारी जातात, त्यात हिंदू शेजारीही आले आणि मुसलमानही. ताट घेऊन जायचे काम मुलाला द्यावे. दुसऱ्याच्या दारात काही मागायला नाही, द्यायला उभे राहण्यात एक वेगळी ताठ मान असते, ती लहानपणीच अनुभवलेली बरी.

गोव्यात वाट पाहणे नाताळाला संपत नाही. बाळ येशूला भेटायला तीन राजे ताऱ्यामागून चालत आले आणि ६ जानेवारीला पोचले असे मानतात, म्हणून तो तीन राजांचा सण. कुएली, चांदर आणि रेइश मागुश या गावांत त्या दिवशी राजांचा वेश केलेले मुलगे घोड्यावर बसून वाजतगाजत चर्चकडे किंवा टेकडीवरच्या कपेलाकडे जातात. गावातल्या लहान मुलांसाठी ती कथा पुस्तकातली राहत नाही. तो राजा त्यांचाच शेजारी असतो.

या किनाऱ्यावर ख्रिस्ती श्रद्धा मराठीत सांगण्याचा मोठा प्रयत्न चारशे वर्षांपूर्वीच झाला. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. जवळपास ११ हजार ओव्या, दोन भाग. पहिल्या पुराणात तारणाऱ्याच्या येण्याआधीचा सारा काळ, दुसऱ्यात त्याचा जन्म आणि जीवन. म्हणजे एक अख्खा भाग वाट पाहण्याचाच. ओवी ही ऐकायची, जात्यावर आणि पाळण्याशी गुणगुणायची चीज. घरातल्या बाया-मुलांपर्यंत पोचायचे तर कोणता छंद हवा, हे त्या परदेशी माणसाला नेमके उमगले होते.

शब्द पाळणारे घर

मूल वाट पाहायला शिकते कशामुळे? स्वभावाने एखादे धीराचे असते आणि एखादे उतावीळ, असा आपला समज आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी या समजाला धक्का देणारा प्रयोग प्रसिद्ध केला. साडेतीन ते जवळपास सहा वर्षांची २८ मुले त्यात होती. प्रत्येकाला चित्र काढायला बसवले आणि थोडे थांबलास तर छान छान खडू आणून देतो, असे सांगितले. निम्म्या मुलांना खडू खरेच आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना ‘माफ कर, खडू नाहीतच’ असे सांगितले. स्टिकरच्या बाबतीत हाच प्रकार पुन्हा केला. मग खरी परीक्षा. समोर एक मिठाई ठेवली. १५ मिनिटे न खाता थांबलास तर दोन मिळतील.

ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना दोनदा फसवले गेले ती सरासरी ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी मुले पहिल्या १४ पैकी ९ होती, दुसऱ्या १४ पैकी फक्त १. समोरच्या माणसाच्या शब्दावर भरवसा नसेल, तर आहे ते उचलून घेणे हाच शहाणपणा, हे त्या मुलांनी दोन अनुभवांत ओळखले होते.

विखर्नच्या चाकाचे मोल मला हे वाचल्यावर जास्त कळले. रस्त्यावरून आलेल्या त्या मुलांपुढे रोज ठरल्या वेळी एक मेणबत्ती पेटत होती. चोवीस दिवस चोवीस वेळा एक शब्द पाळला जात होता. देवावर विश्वास ठेव, असे मुलाला सांगण्याआधी विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे त्याला माणसांकडून कळावे लागते. संध्याकाळी गोष्ट सांगते म्हटले आणि आईने ती सांगितली, रविवारी जाऊ म्हटले आणि बाबा घेऊन गेले. श्रद्धेचा पाया घरात याच विटांनी रचला जातो.

घरी करायचे असेल तर

पहिला नियम कमी करण्याचा. आगमनकाळात एक किंवा फार तर दोन गोष्टी निवडाव्यात आणि त्या शेवटपर्यंत नेटाने कराव्यात. सहा सुरू करून तीन अर्ध्यावर टाकल्या, की मूल शिकते ते अर्ध्यावर टाकणेच.

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी कागदी पट्ट्यांची साखळी पुरेशी आहे. चोवीस कड्या करून भिंतीवर मुलाच्या हाताला येईल अशी लावायची आणि रोज झोपायच्या आधी एक कडी त्याने फाडायची. साखळी आखूड होताना दिसते आणि मोजता न येणाऱ्या मुलालाही कळते. नाचणीची ताटलीही याच वयाची. साधारण १२ डिसेंबरला पेरावी, म्हणजे नाताळपर्यंत छान उंच होते.

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी रिकामी गव्हाण आणि मूर्तींचा प्रवास. गोठा एका कोपऱ्यात मांडायचा आणि मरिया-योसेफ घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवायचे. रोज थोडे पुढे सरकवायचे. खुर्ची, टीव्हीचे टेबल, पुस्तकांचे फडताळ. बेथलेहेम किती लांब होते, हे घर ओलांडताना कळते. तीन राजे मात्र शेवटी निघतील आणि ६ जानेवारीलाच पोचतील.

सात-आठ वर्षांच्या मुलांकडे रविवारच्या मेणबत्तीची जबाबदारी द्यावी. काडी मोठ्यांनीच लावायची, मेणबत्त्या वाळलेल्या डहाळ्यांपासून दूर ठेवायच्या आणि खोलीत कोणी नसताना कधीही जळत ठेवायच्या नाहीत. पण त्या आठवड्याची गोष्ट निवडायची आणि वाचायची ती मुलाने. वाचताना अडखळले तर सुधारायला धावू नये.

मूल मध्येच विचारेल. देवाने राजाच्या घरी जन्म का नाही घेतला? सराईवाल्याला नंतर वाईट वाटले असेल का? असे प्रश्न आले की तयार उत्तर लगेच हाती ठेवू नये. ‘मलाही कधीकधी हाच प्रश्न पडतो,’ एवढे म्हणून दोन क्षण गप्प बसावे. ती शांतता मुलाला फार मोठी करते. आपल्यासारखाच आई-बाबांनाही प्रश्न पडतो, हे ऐकलेले मूल पुढे प्रश्न लपवत नाही.

एखाद्या दिवशी विसरायला होईल. कोणी आजारी पडेल, कामावरून यायला उशीर होईल. दुसऱ्या दिवशी दोन कड्या फाडाव्यात आणि काल राहिले, चुकले, असे मुलाला सरळ सांगावे. शब्द चुकला तर तो भरून काढता येतो, हेही मुलाने पाहायला हवे.

आणि या सगळ्याचे फळ त्याच वर्षी शोधू नये. दोन-तीन वर्षे जातात. घरात धाकटे भावंड बोलू लागते. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी ते उठून तोच जुना प्रश्न विचारते, आणि तुम्ही चहाचे आधण ठेवून तोंड उघडायच्या आत थोरले त्याला कडेवर घ्यायचा प्रयत्न करत भिंतीपाशी नेते. साखळीवर बोट ठेवून ते सांगत असते, ‘हे बघ, एवढ्या कड्या राहिल्या. आज रात्री ही फाडायची. तू फाड.’